पाळणाघराचा खर्च आणि गावाचा निधी

श्रोतेहो, नमस्कार. गावाने किंवा वस्तीने स्वतः चालवलेली पाळणाघरे आणि बालवाड्या, आणि त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीने व नगरपालिकेने खर्च करावयाचा पैसा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने घरपट्टी, बाजारकर, गाळ्यांचे भाडे अशा स्वतःच्या उत्पन्नातून किमान 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावी, असा शासनाचा दंडक आहे. 73व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीतील 29 विषयांतही महिला व बालविकास हा विषय आहे. त्यामुळे गावातल्या लहान मुलांची देखभाल हे ग्रामपंचायतीने मनात आले तर करावे असे दानधर्माचे काम नाही, ते तिच्या कारभाराचेच काम आहे. तरीही मार्चअखेर जवळ आला की या दहा टक्क्यांचे काय होते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. अंगणवाडीच्या भिंतींवर चित्रे काढली जातात, खुर्च्या आणि खेळणी येतात, एखादे प्रशिक्षण शिबिर होते. यातली कोणतीही गोष्ट वाईट नाही. परंतु मुलाला सांभाळते ती माणसाची नजर आणि माणसाचे हात, आणि नेमक्या त्या माणसाच्या मानधनासाठी आपल्या पंचायतींच्या अंदाजपत्रकात जागा नसते.

येथे काही श्रोते विचारतील की गावोगाव अंगणवाड्या असताना पाळणाघर कशाला हवे. हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मुलाच्या वयात आणि आईच्या कामाच्या तासांत आहे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेचे काम फार मोठे आहे आणि अंगणवाडी सेविकांचे ऋण आपल्या राज्यावर आहे. मात्र अंगणवाडीत बसते ते तीन वर्षांपुढचे मूल, आणि तेही दिवसातले काही तासच. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला घरपोच आहाराचे पाकीट मिळते, त्याचे वजन घेतले जाते, लसीकरणाची चौकशी होते, परंतु त्याला दिवसभर सांभाळणारे तेथे कोणी नसते. सकाळी आठला खुरपणीला किंवा बांधकामावर गेलेली आई संध्याकाळी परतते. मधल्या वेळेत सहा महिने ते तीन वर्षे वयाचे मूल आजीपाशी राहते, नाही तर शेताच्या बांधावर झोळीत राहते, नाही तर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. पाकिटातला आहार या वयाच्या मुलाला एका वेळी थोडा थोडा, दिवसातून अनेकदा भरवावा लागतो, आणि भरवणारे कोणी नसेल तर पाकीट घरी असूनही मूल उपाशी राहते.

ही गोष्ट बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी फार पूर्वी ओळखली होती. 1945 साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तेथून पुढे आली. नंतर जवळच्याच कोसबाडला आपल्या सहकारी अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी विकासवाडी उभी केली, आणि तिच्या रचनेकडे आज पुन्हा बारकाईने पाहण्याची गरज आहे, असे मला वाटते. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही त्यांनी एकाच ठिकाणी ठेवली, कारण मोठी मुलगी शाळेत यायची असेल तर तिच्या कडेवरच्या भावंडाची सोय शाळेजवळच व्हायला हवी होती. जी मुले गुरे राखत होती त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा भरली. मुलींच्या शाळागळतीवर आपण आज इतके बोलतो, पण पाळणाघर हा त्या गळतीवरचा एक साधा आणि प्रत्यक्ष करून पाहिलेला इलाज आहे, हे त्या चर्चेत क्वचितच कोणी म्हणते.

कायद्यांनी काही सोय केली आहे, पण ती तुटक आहे. 2017 च्या मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर, म्हणजे कारखाने, कचेऱ्या अशा कामाच्या ठिकाणांवर, पाळणाघराची जबाबदारी टाकली. शेतमजूर बाईला अशी आस्थापनाच नसते. रोजगार हमीच्या कामावर पाच वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले बरोबर असतील तर कामावरच्याच एका स्त्रीला मुले सांभाळण्याचे काम द्यावे आणि तिला मजुरी द्यावी, अशी तरतूद महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात आली, पण ती कामाच्या जागेपुरती. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत 2017 पासून केंद्राने 60, राज्याने 30 आणि चालवणाऱ्या संस्थेने 10 टक्के वाटा उचलायचा होता. सेविकेला महिना 3,000 रुपये आणि मदतनिसाला 1,500 रुपये मानधन ठरले होते. दिवसाला साडेसात तास पंचवीस मुले सांभाळण्याचे हे मोल होते. एवढ्या मानधनावर शिकलेली, अनुभवी बाई टिकेल अशी अपेक्षा करणेच अन्यायाचे आहे.

आता पैशाच्या मूळ अडचणीकडे येतो. ग्रामपंचायतीकडे येणारा सर्वात ठळक निधी म्हणजे वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी त्यातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांना बांधून दिला, आणि उरलेला अबंधित भाग गावाच्या गरजेनुसार वापरण्याची मुभा दिली. मात्र त्या अबंधित भागातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येणार नाही, अशी अट घातली. रस्ता, गटार, इमारत यांच्या बाबतीत ही अट समजण्यासारखी आहे, कारण तेथे वस्तू एकदा उभी राहिली की काम झाले. पाळणाघर मात्र रोज सकाळी नव्याने उभे राहते, आणि त्याच्या खर्चाचा सर्वात मोठा भाग मानधनाचाच असतो. ते वगळले तर मागे सजवलेली, कुलूप लावलेली खोली उरते. म्हणून गावाच्या स्वउत्पन्नातल्या त्या दहा टक्क्यांना इतके महत्त्व आहे, कारण वित्त आयोगाची ही अट त्या पैशाला लागू नाही.

अर्थात हे दहा टक्के सगळीकडे पुरणार नाहीत, हे मान्य केले पाहिजे. एखाद्या ग्रामपंचायतीचे स्वतःचे वार्षिक उत्पन्न पाच लाख रुपये धरले, तर दहा टक्के म्हणजे पन्नास हजार, आणि बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला चार हजारांच्या आसपास. एका बाईचेही मानधन त्यात नीट बसत नाही, आणि लहान मुलांच्या पाळणाघराला किमान दोघी हव्यातच. मोठ्या बाजारपेठेचे किंवा कारखान्याजवळचे गाव हा भार पेलू शकेल. डोंगरातल्या लहान गावाला जिल्हा परिषदेचा हात हवा, आणि माझ्या मते जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीने आपल्या निधीचा पहिला हक्कदार अशा गावांना मानले पाहिजे. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी भागातील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या, गावांना आणखी एक वाट आहे. आदिवासी उपयोजनेच्या निधीपैकी 5 टक्के अबंध निधी 2015 पासून थेट त्यांच्याकडे जातो, त्याचा विनियोग ग्रामसभा ठरवते, आणि आरोग्य व शिक्षण हे त्याच्या मान्य विषयांपैकी आहेत.

स्थानिक संस्थेने मानधनाचा भार उचलणे अशक्य आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. मुंबई महानगरपालिका अनेक वर्षे स्वयंसेवी संस्थांमार्फत बालवाड्या चालवत आली आहे आणि तेथील शिक्षिका व मदतनिसांना मानधन देत आली आहे. ते मानधन अपुरे असल्याची तक्रार खरी आहे, पण पालिकेच्या अंदाजपत्रकात त्याला जागा आहे, हे महत्त्वाचे. शेजारच्या कर्नाटकात 2023 मध्ये ‘कूसिना मने’ म्हणजे बाळांचे घर या नावाने सुमारे चार हजार ग्रामपंचायतींत पाळणाघरे उघडण्याचे ठरले. तेथे रोजगार हमीचे जॉबकार्ड असलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आळीपाळीने मुले सांभाळण्याचे काम द्यायचे आणि मजुरी रोजगार हमीतून द्यायची, असे ठरले होते. लहान मुलाला रोजची ओळखीची व्यक्ती लागते, त्यामुळे सांभाळणाऱ्या बाया वरचेवर बदलणे मला पसंत नाही. तरीही मूल सांभाळणे हे मजुरीचे काम आहे, हे त्या राज्याने व्यवहारात मान्य केले, आणि त्याचे मोल मोठे आहे.

आता गावाने करायचे काय, तेही सांगतो. पुढील वर्षाच्या विकास आराखड्याची जुळवाजुळव 2 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, आणि प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणे आपल्या राज्यात बंधनकारक आहे. त्या महिला सभेत गावातल्या तीन वर्षांखालील मुलांची संख्या, त्यांच्या आया कामाला जाण्याची व परतण्याची वेळ, आणि हंगामात ही वेळ कशी बदलते, हे लिहून काढावे. मग ठरावात केवळ ‘पाळणाघर सुरू करावे’ असे न लिहिता दोघींचे मासिक मानधन किती, ते कोणत्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या कोणत्या सदरातून), दर महिन्याच्या कोणत्या तारखेला, आणि बचत गटांचा ग्रामसंघ किंवा मातांची समिती यांपैकी कोणाच्या बँक खात्यात जमा होईल, हे स्पष्ट लिहावे. हजेरीपट आणि जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर दर महिन्याला लावला जाईल, हेही त्यातच नोंदवावे, म्हणजे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तरी उत्तर तयार असेल. वर्षाच्या शेवटी एकरकमी अनुदान देण्याची पद्धत मात्र स्वीकारू नये, कारण मानधन सहा महिने थकले की सर्वात गरीब बाई आधी काम सोडते, आणि बहुधा तिचेच मूल त्या पाळणाघरात असते.