ज्यांना कुणी विचारलं नाही, त्यांचे फोटो

नमस्कार, श्रोतेहो.

मनोरुग्णालयांचे जुने फोटो हल्ली आपल्या सगळ्यांच्याच मोबाइलवर येतात. लांबच लांब वॉर्ड, ओळीने मांडलेल्या लोखंडी खाटा, खिडक्यांना गज आणि भिंतीला टेकून उकिडवी बसलेली, केस अगदी बारीक कापलेली माणसं. खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, ‘झपाटलेली जागा’. पाहणारा क्षणभर शहारतो आणि फोटो पुढच्या ग्रुपवर ढकलून देतो.

आज मला या फोटोंबद्दल बोलायचं आहे. ठाणेकरांशी तर मुद्दाम बोलायचं आहे, कारण असं एक रुग्णालय आपल्या गावात 1901 सालापासून आहे. नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने ते सुरू झालं. पुढे ते प्रादेशिक मनोरुग्णालय झालं. महाराष्ट्रात सरकारची अशी चार मोठी जुनी रुग्णालयं: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. ठाण्याची क्षमता 1850 खाटांची. मुंबईत कुणी जरा विचित्र वागलं की ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणायची पद्धत होती, अजूनही आहे. ते ऐकत मोठी झालेली मी एकटीच नाही. त्या भिंतीला लागून आयुष्य काढलेल्या कितीतरी ठाणेकरांनी आत काय आहे ते कधी पाहिलं नाही. त्यामुळे फोटोच काय ते सांगतो, असं आपण धरून चालतो.

पण फोटो कुणी काढला, हे आधी बघायला हवं. वेड्यांच्या इस्पितळात कॅमेरा पहिल्यांदा नेला तो डॉक्टरांनीच. लंडनजवळच्या सरे परगण्याच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागाचे प्रमुख होते ह्यू डायमंड. त्यांनी 1850च्या दशकात आपल्या रुग्ण बायकांचे फोटो काढले आणि 1856 साली लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे त्यावर निबंध वाचला. चेहऱ्यावरून आजार ओळखता येतो, असा त्यांचा विश्वास होता. रुग्ण पुन्हा दाखल झाला तर फोटोवरून पटकन ओळख पटेल, हाही एक उपयोग त्यांनी सांगितला. पुढे पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांच्या काळात तर रुग्ण बायकांच्या फोटोंचे ग्रंथच निघाले. त्यात ऑगस्टीन नावाची एक तरुण मुलगी पानोपानी दिसते. हात वर केलेली, डोळे मिटलेली, झटका आलेली. डॉक्टरांची ती आवडती रुग्ण होती. 1880 साली ती पुरुषाचे कपडे घालून तिथून पळून गेली. मला ते सगळे फोटो एकीकडे आणि तिचं हे पळून जाणं एकीकडे ठेवावंसं वाटतं. त्या चेहऱ्याच्या मनात काय चाललं होतं, ते एकाही फोटोत उतरलेलं नाही. तिच्या पायांनी ते सांगितलं.

फोटोखालच्या ओळीवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आपल्याकडचंच उदाहरण देते. इंग्रजांच्या काळात इस्पितळाच्या नोंदवहीत वेड लागण्याचं कारण लिहावं लागे. कारण माहीत नसलं तरी रकाना रिकामा ठेवून चालत नसे. मग रुग्णाला आणणाऱ्या शिपायाने सांगितलेलं काहीतरी तिथे लिहिलं जाई, आणि बऱ्याचदा ते असे ‘गांजा’. 1893-94 साली सरकारने गांजा-भांगेची चौकशी करायला आयोग नेमला. त्याने 1892 साली गांजा-भांगेच्या नावाखाली दाखल झालेल्या रुग्णांची एकेक केस पुन्हा तपासली. गांजामुळे वेड लागल्याच्या नोंदी होत्या 222. तपासाअंती थोडाफार आधार सापडला तो 98 जणांच्या बाबतीत. बाकीच्यांच्या वेडाचं कारण कुणाच्या तरी लेखणीच्या फटकाऱ्याने गांजा ठरलं होतं. सरकारी नोंदवहीची ही कथा, तर मोबाइलवरच्या फोटोखाली कुणी काय लिहील, याचा विचार करा.

मग हे फोटो बघूच नयेत का? बघावेत, जरूर बघावेत. पण सावकाश. वॉर्ड एवढा लांब का? दाराशी उभ्या असलेल्या एका माणसाला सगळ्या खाटा दिसाव्यात म्हणून. रुग्णालयाभोवती एवढी जमीन का? रुग्णांनी बागेत, शेतात काम करावं, हा त्या काळच्या उपचारांचाच भाग होता. खाटांच्या मध्ये चालायलाही जागा का नाही? 1946 साली देशातल्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला तेव्हा चाळीस कोटींच्या देशात मानसिक रुग्णांसाठी खाटा होत्या जेमतेम दहा हजार. शिवाय भ्रम-भास होणाऱ्या मनोविकारांवरचं पहिलं खरं प्रभावी औषध, क्लोरप्रोमाझिन, 1952 साली पॅरिसमध्ये रुग्णांना द्यायला सुरुवात झाली. त्याआधी आत आलेल्या माणसाला बरं करून घरी पाठवण्याची साधनं फारच तुटपुंजी होती. 1952 पूर्वीचा फोटो बघताना एवढं लक्षात ठेवलं तरी त्यातल्या डॉक्टरांबद्दल आणि परिचारिकांबद्दल आपण जरा वेगळा विचार करू. दीडशे-दोनशे माणसं समोर आणि हातात जवळजवळ काही नाही, अशा अवस्थेत त्यांनी नोकऱ्या केल्या.

आता केसांचं. ते एकसारखे कापलेले केस आणि एकसारखे कपडे उवांच्या भीतीने, सोयीसाठी, मोजदाद सोपी जावी म्हणून होते. 2017चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की कुणाचेही केस सक्तीने भादरायचे नाहीत, आणि रुग्णाची इच्छा असेल तर त्याला स्वतःचे कपडे घालू द्यायचे. याच कायद्याचं 24वं कलम तर आजच्या विषयावरच बोट ठेवतं. उपचार घेत असलेल्या रुग्णाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देता येत नाही. जुन्या फोटोंतली माणसं आता नाहीत, त्यांना कायदा कुठून लागू होणार? पण त्यांची नातवंडं, पतवंडं आहेत. कदाचित हे भाषण ऐकतही असतील.

मी रुग्णांच्या नातेवाइकांबरोबर काम करते. एकदा एक काका घरचा अल्बम घेऊन आले होते. त्यात स्टुडिओत काढलेला एक कुटुंबाचा फोटो होता. मागे रंगवलेला पडदा, त्यावर खोटा जिना, बाजूला कुंडी. आजोबा खुर्चीत, आजी शेजारी, मुलं पायाशी. उजवीकडची बाजू कात्रीने सरळ कापलेली. पण सगळ्यात धाकट्या मुलाच्या खांद्यावर एक हात राहून गेला होता, मनगटात बांगड्या भरलेला. ती त्यांची आत्या. तिला रुग्णालयात ठेवलं, आणि मग घरात लग्नकार्यं निघाली तशी कुणीतरी कात्री चालवली. खांद्यावर हात असलेला तो धाकटा मुलगा म्हणजे काकांचे वडील. काका म्हणाले, ‘ताई, बाबा मरेपर्यंत तो फोटो पाकिटात ठेवायचे. आम्हाला वाटायचं, आजोबांसाठी.’

रुग्णालयातल्या कागदावर चेहरा आहे आणि घरच्या अल्बममधून तो गेला आहे, असं कितीतरी घरांत झालं असेल. म्हणून मला हे फोटो भुताटकीच्या नावाखाली फिरताना पाहवत नाहीत.

फोटोचं दुसरंही एक काम असतं. रस्त्यावर भटकणारा, स्वतःचं नाव-गाव सांगू न शकणारा मनोरुग्ण सापडला, तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करायची आणि घरच्यांचा शोध घ्यायचा, ही जबाबदारी कायद्याने पोलीस ठाण्यावर टाकली आहे. आपल्या शेजारी कर्जतला डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांची श्रद्धा संस्था अशा माणसांना बरं करून देशाच्या कानाकोपऱ्यातल्या घरी पोहोचवते. भरत वाटवानींना 2018 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. हरवलेल्या माणसाच्या बाबतीत घरच्यांनी जपून ठेवलेला एक साधा फोटोही फार मोलाचा ठरतो. आत्याला फोटोतून कापून टाकणाऱ्या घराकडे तो कुठून असणार?

आता शेवटचं, आणि हे ठाणेकरांसाठी. ठाणे आणि मुलुंडच्या मधलं नवं रेल्वे स्थानक मनोरुग्णालयाच्या जमिनीवर होतं आहे. जुन्या इमारतींच्या जागी नवं रुग्णालय उभं राहणार आहे. व्हायलाच हवं, रुग्णांना गळक्या छपराखाली ठेवून वारसा जपायचा नसतो. पण इमारती जाण्याआधी त्यांची आठवण नीट नोंदवून ठेवायला हवी. ती आठवण परिचारिका, परिचर, माळी, स्वयंपाकी, क्वार्टर्समध्ये वाढलेली त्यांची मुलं, यांच्या कपाटांत आहे. निवृत्तीच्या समारंभाचा फोटो असेल, सत्यनारायणाचा असेल, बागेतल्या भाजीच्या वाफ्याजवळ उभं राहून काढलेला असेल.

असे फोटो तुमच्याकडे असतील तर या पावसाळ्याआधी बाहेर काढा. चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर ओढून काढू नका, आधी पानासकट मोबाइलवर फोटो घ्या. सुट्या फोटोंच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने लिहा, बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. साल, वॉर्ड, कोण कोण उभं आहे, ते लिहा. लॅमिनेशन करू नका. फोटोत रुग्ण दिसत असतील तर मूळ फोटो घरीच सांभाळा, आणि कुणाला प्रत द्यायची झाली तर त्यांचे चेहरे झाकून द्या. घरात नव्वदीच्या पुढचं कुणी असेल, तिथे काम केलेलं, तर फोटो समोर ठेवून त्यांना बोलतं करा आणि ते ध्वनिमुद्रित करून ठेवा. हे काम येत्या रविवारीही सुरू करता येईल.

नमस्कार.