पाठीवरचा ड्रॅगन

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका चोराची आणि एका ड्रॅगनची गोष्ट सांगायची आहे. चोराचं नाव जॅक मॉर्गन, वय वर्षं 14. ड्रॅगनचं नाव ड्रेकोस. टिमथी झान या अमेरिकन लेखकाने या दोघांवर सहा कादंबऱ्या लिहिल्या. 2003 साली पहिली आली आणि 2008 साली शेवटची. वर्षाला एक. 'ड्रॅगनबॅक' हे त्या मालिकेचं नाव. प्रत्येक पुस्तकाच्या नावात ड्रॅगनच्या जोडीला जॅकची एक नवी भूमिका येते: चोर, शिपाई, गुलाम, गुराखी, न्यायाधीश आणि सगळ्यात शेवटी मुक्तिदाता.

झान म्हटलं की बहुतेकांना त्यांच्या 'स्टार वॉर्स'च्या कादंबऱ्या आठवतात. माणूस मूळचा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. त्यामुळे त्यांनी ड्रॅगन आणला, पण किल्ले-राजकन्यांच्या जुन्या जगात आणला नाही. त्याला अंतराळात आणलं आणि त्याच्या देहाला कडक नियम घालून दिले. माझ्या मते या मालिकेचा जीव त्या नियमांत आहे, म्हणून आधी तेच सांगते.

आयोटा क्लेस्टिस नावाच्या एका निर्मनुष्य ग्रहावर जॅक लपून बसला आहे. त्याच्यावर एका बड्या कंपनीचा माल चोरल्याचा आळ आहे. लहानपणापासून चोरीत मुरलेला हा मुलगा, पण नेमकी हीच चोरी त्याने केलेली नाही. तो लपलेला असताना आकाशात मोठी यानं एकमेकांवर तुटून पडतात आणि त्यातलं एक खाली येऊन आदळतं. जॅक बघायला जातो. आत सगळे मेलेले. एकच जीव धुगधुगी धरून आहे. वाघाएवढा, सोनेरी खवल्यांचा. तो जॅकवर झेप घेतो, आणि पुढच्या क्षणी नाहीसा होतो. जॅक स्वतःकडे बघतो तर त्याच्या अंगावर, कातडीवर, गोंदल्यासारखा एक ड्रॅगन पसरलेला. आणि तो ड्रॅगन डोळे उघडून त्याच्याकडे बघतो.

ड्रेकोसची जमात म्हणजे क'दा. या जमातीला स्वतःच्या बळावर फक्त सहा तास जगता येतं. सहा तासांच्या आत त्यांना कुणाच्या तरी अंगावर परतावं लागतं. तिथे ते चित्रासारखे सपाट होऊन विसावतात, बळ भरून घेतात आणि पुन्हा बाहेर उडी मारतात. आश्रय मिळाला नाही तर संपले. पिढ्यान्‌पिढ्या हा आश्रय त्यांना शोंटिन नावाची दुसरी एक जमात देत आली. ड्रेकोसचा शोंटिन सोबती त्या यानात मारला गेला होता, सहा तास भरत आले होते, आणि समोर दिसला तो हा पोरगा.

विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. तोही पाठीवर बसतो, तोही न्याय-अन्यायाचे प्रश्न विचारतो. पण वेताळाला विक्रमाची गरज नसते, तो मनात आलं की उडून झाडाला लटकतो. ड्रेकोसला तशी सोय नाही. तो वाघासारखा लढू शकतो, चिलखत घातलेल्या माणसांना लोळवू शकतो, आणि तरीही या मुलाने शर्ट घट्ट लपेटून 'माझ्या अंगावर येऊ नकोस' एवढं म्हटलं तर तो मरेल.

आता हा ड्रेकोस नुसता योद्धा नाही, तो कवी-योद्धा आहे. त्याच्या समाजात ही एक पदवी आहे आणि तिच्याबरोबर कडक आचारधर्म येतो. दुबळ्याला वाऱ्यावर सोडायचं नाही. गरज नसताना जीव घ्यायचा नाही. दिलेला शब्द पाळायचा. आणि जॅक? जॅकला वाढवलं व्हर्जिल काकाने. हा काका तिजोऱ्या फोडणारा, लोकांना गंडवणारा, आपल्या धंद्यात नाव काढलेला माणूस. गोष्ट सुरू होते तेव्हा तो वारलेला आहे, पण जाण्याआधी त्याने एक गोष्ट करून ठेवली आहे. जॅकच्या यानाच्या संगणकात त्याचा आवाज आणि त्याचा स्वभाव भरलेला आहे. जॅक त्या संगणकाला 'अंकल व्हर्ज' म्हणतो. हा संगणक सतत एकच धोशा लावतो: आपलं बघ, दुसऱ्याच्या भानगडीत पडू नकोस, निघ इथून.

म्हणजे बघा, मुलाच्या एका बाजूला त्याच्या अंगावर विसावलेला धर्म, आणि दुसऱ्या बाजूला यानाच्या भिंतींतून बोलणारा स्वार्थ. दोघांचंही जॅकवर प्रेम आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अंकल व्हर्जला खलनायक करणं अगदी सोपं होतं. झान तसं करत नाहीत. तो संगणक खरोखर काळजीपोटी बोलतो. पोर जगावं, एवढंच त्याला हवं असतं. आपल्याकडेही कितीतरी घरांत मुलांना हेच ऐकावं लागतं, आणि ते सांगणारी माणसं वाईट नसतात.

आणखी एक बारकावा सांगते, कारण तो वाचताना मी खरोखर हरखले. ड्रेकोस जॅकच्या पाठीवर असताना जॅक भिंतीला पाठ टेकून उभा राहिला, तर ड्रेकोसला भिंतीपलीकडे डोकावता येतं. भिंत फोडावी लागत नाही. तो आपल्या तीन मितींच्या बाहेरून, चौथ्या मितीतून, जरासा पुढे झुकतो आणि पलीकडचं पाहून, ऐकून परत येतो. कल्पना करा: एक मुलगा कंटाळल्यासारखा भिंतीला रेलून उभा आहे, हात खिशात, आणि पलीकडच्या खोलीत चाललेला कट त्याच्या पाठीवर ऐकला जातोय. भौतिकशास्त्र शिकलेला लेखक जादूची अशी हिशेबी मांडणी करतो आणि मग प्रत्येक पुस्तकात ती युक्ती नव्या पेचात वापरतो. सहा तासांचा नियमही तसाच. कधी ड्रेकोस बाहेर असतो आणि जॅक कोठडीत अडकलेला असतो. घड्याळाकडे बघत पानं उलटावी लागतात.

मुख्य कथानक थोडक्यात सांगते. वालाग्वा नावाच्या शत्रूपासून जीव वाचवून क'दा आणि शोंटिन यांचा मोठा ताफा आपल्या या भागात येतो आहे. त्यांना नवं घर हवं आहे. पोहोचायला सहा महिने आहेत. ड्रेकोसचं यान पुढच्या तुकडीत होतं आणि त्यावर हल्ला करणाऱ्यांत भाडोत्री मानवी सैनिकही होते. ते कुणाचे? त्यांना कामाला लावलं कुणी? हे सहा महिन्यांत शोधलं नाही, तर ताफ्यातले सगळे निर्वासित मारले जातील. पहिल्या भागात ड्रेकोस जॅकवरचा आळ दूर करायला मदत करतो. तिथे व्यवहार संपू शकला असता. जॅकला मोकळं होऊन निघून जाता आलं असतं. तो जात नाही.

तो न जाण्याची किंमत तिसऱ्या पुस्तकात कळते, आणि तेच मला या मालिकेतलं सर्वात ताकदीचं पुस्तक वाटतं. माहिती मिळवण्यासाठी जॅकला एका धनाढ्य परग्रहवासी घराण्याच्या आवारात शिरायचं असतं. हे घराणं गुलामांचा व्यापार करतं. जॅक चोराचा मार्ग निवडतो: गुलाम म्हणून स्वतःच विकला जातो. आत जायचं, नोंदी उघडायच्या, बाहेर पडायचं, असा बेत. पण आत माणसं भेटतात. माणसं म्हणजे निरनिराळ्या ग्रहांवरचे जीव, म्हातारे आणि मुलंसुद्धा. एकाच झोपडीत झोपणारे, आपल्या वाट्याचं दुसऱ्याला देणारे, आणि काही पार खचलेले. झान इथे घाई करत नाहीत. कामाचे तास, उपासमार, शिक्षा, शिक्षेनंतर कुणी कुणाशी कसं बोलायचं याचे अलिखित कायदे, हे सगळं ते सावकाश उभं करतात. किशोरवयीन वाचकांसाठी लिहिताना गुलामगिरी गोड करून सांगण्याचा मोह त्यांनी टाळला, याचा मला आदर वाटतो.

माहिती हाती आल्यावर निघून जाणं शक्य असतं. अंकल व्हर्ज तेच सांगणार. पण त्या लोकांना तिथे सोडून जाणं ड्रेकोसच्या धर्मात बसत नाही. आणि गंमत अशी, की त्यांना बाहेर काढण्यासाठी उपयोगी पडतं ते काकाकडून शिकलेलंच: कुलूप कसं उघडतं, पहारेकऱ्याला काय ऐकायला आवडतं, खोटं किती आणि कुठवर ताणायचं. उनाड पोरगा सुधारला की लेखक बहुधा त्याच्या हातातली कला काढून घेतात, त्याला धुतल्या तांदळासारखा करून टाकतात. जॅकचे हात तेच राहतात. ते कुणासाठी चालतात, एवढं बदलतं.

चौथ्या भागात एक शोध लागतो आणि मालिका एकदम खोल जाते. रो स्कॉर्वी नावाच्या ग्रहावरच्या जंगलात या दोघांना फूका नावाचे प्राणी दिसतात. दिसायला थेट क'दा, पण बुद्धी गुराढोरांची. हळूहळू उलगडतं की हे ड्रेकोसचेच हरवलेले भाऊबंद आहेत. ज्यांच्या अंगावर ते पिढ्यान्‌पिढ्या राहिले ते यजमान सुस्त आणि मंद, कशाचंच कुतूहल नसलेले. त्या सहवासात यांचीही बुद्धी विझत गेली. मग त्यातली एक, टानीम, माणसाच्या अंगावर येते आणि हळूहळू जागी होते. बोलू लागते, प्रश्न विचारू लागते, चांगलं-वाईट ठरवू लागते. टानीमची ती पहिली अडखळती वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली आहेत.

आणि इथे ड्रेकोसच्या मनात भीती उभी राहते. यजमानाचा स्वभाव क'दात उतरत असेल, तर आपण एका चोराच्या अंगावर राहतो आहोत, आपलं काय होईल? तोवर आपण वाचक समजत असतो की ड्रॅगन मुलाला घडवतो आहे. पण देवाणघेवाण दुतर्फा असते. ड्रेकोसही जॅककडून शिकतो: डावपेच, थट्टा, समोरच्याच्या मनातलं ओळखणं. आपलं ब्रीद न सोडता हे सारं कसं घ्यायचं, हा त्याचा झगडा आहे, आणि जॅकच्या झगड्याइतकाच तो खरा आहे.

पाचव्या भागाबद्दल मात्र माझी एक तक्रार आहे. कल्पना सुंदर आहे: परग्रहावरचे लोक जॅकला उचलून नेतात आणि थेट न्यायासनावर बसवतात. आयुष्यभर कायदा मोडलेला मुलगा लोकांचे तंटे सोडवतो, आणि बरे सोडवतो. ती प्रकरणं वाचायला फार छान आहेत. पण त्याच भागात जॅकचे आईवडील कोण होते ते उघड होतं, आणि ते दोघं फिरते न्यायाधीश निघतात. मला हे खटकलं. जॅकचा चांगुलपणा तोवर त्याने स्वतः, एकेक निर्णय घेत, पदरमोड करून मिळवलेला होता. रक्तातच न्याय होता असं कळल्यावर त्या कमाईवर थोडं पाणी पडतं. कर्णाचं कुळ कळल्याने त्याचा पराक्रम मोठा होत नाही, तसंच हे. अर्थात आईबापांविना वाढलेल्या मुलाला त्यांची नावं कळतात, ते प्रकरण वाचताना माझेही डोळे भरून आले, हेही सांगायला हवं.

या मालिकेचं इंग्रजी सरळ आहे, वाक्यं छोटी आहेत. सातवी-आठवीतल्या मुलांना थोडी मदत केली तर सहज वाचता येईल. पुस्तकं क्रमानेच वाचा, मधलं एखादं उचलू नका. प्रत्येक भागाची गाठ मागच्या भागात मारलेली आहे. तिसरं पुस्तक मात्र मोठ्यांनी मुलांसोबत बसून वाचावं. मुलं थांबून प्रश्न विचारतील, त्यांना विचारू द्या. सहाव्या भागाचं मी मुद्दामच काही सांगितलं नाही. ताफा पोहोचतो की नाही, आणि अंकल व्हर्ज ऐनवेळी काय करतो, ते तुम्हीच वाचा.

नमस्कार.