मेलबर्न कप: आर्चर आणि उशिरा पोचलेली तार

७ नोव्हेंबर १८६१, गुरुवार. मेलबर्नचं फ्लेमिंग्टन रेसकोर्स. पहिल्या मेलबर्न कपसाठी सतरा घोडे उतरलेत. पल्ला दोन मैलांचा, म्हणजे जवळपास सव्वातीन किलोमीटर. बघे मात्र चारेक हजारच. ऑस्ट्रेलिया खंड ओलांडायला गेलेले बर्क आणि विल्स परतीच्या वाटेवर दगावल्याची बातमी नुकतीच येऊन थडकली होती. शहर सुतकात होतं.

शर्यतही काही देखणी झाली नाही. एक घोडा सुरुवातीलाच उधळला. पुढे तीन घोडे कोसळले, त्यांतले दोन दगावले. या गोंधळातून सहा घोड्यांच्या लांबीचं अंतर राखून पुढे आला तो आर्चर. जॉकी जॉन कट्स, ट्रेनर एटिएन डी मेस्त्र.

हा आर्चर नाउरा गावाहून आठशे किलोमीटर चालत आला आणि तरी जिंकला, असं ऑस्ट्रेलियात वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. गोष्ट झकास आहे, पण खरी नाही. तो सिडनीहून आगबोटीनं आला होता. सोबत डी मेस्त्रचेच आणखी दोन घोडे होते.

मेलबर्नकरांना लागलं ते वेगळंच. आर्चर न्यू साउथ वेल्सचा. मेलबर्न ज्यात येतं ती व्हिक्टोरिया त्या वसाहतीतून १८५१ मध्ये वेगळी झालेली, त्याच वर्षी तिथे सोनं सापडलं आणि मेलबर्नचा दिमाख वाढला. आता सिडनीकडचा घोडा येतो आणि घरच्या मॉर्मनला हरवून कप घेऊन जातो! पुढच्या वर्षी पुन्हा तेच: आर्चर पहिला, मॉर्मन दुसरा.

ही हँडिकॅप शर्यत. घोडा जितका तगडा, तितकं त्याच्या पाठीवर वजन जास्त. आर्चरनं पहिल्या वर्षी साधारण साठ किलो वाहिलं, दुसऱ्या वर्षी चौसष्ट. तिसऱ्या वर्षी त्याच्यावर जवळपास बहात्तर किलो लादले गेले. तरीही डी मेस्त्रनं होकाराची तार पाठवली. मुदत होती १ जुलै १८६३.

त्या दिवशी मेलबर्नला सुट्टी होती. कसली? न्यू साउथ वेल्सपासून वेगळं झाल्याची! तार वेळेत पोचली नाही आणि आयोजकांनी नियमावर बोट ठेवून आर्चरला बाद केलं. नियम होता हे खरं, पण त्या हटवादीपणात जुना राग नव्हता असं मानणं जड जातं. निषेध म्हणून बाहेरच्या घोडेमालकांनीही आपले घोडे काढून घेतले. उरले सात. बँकर जिंकला, पण इतक्या कमी घोड्यांचा मेलबर्न कप पुन्हा कधी झाला नाही.

१८६४ मध्ये व्हिक्टोरिया रेसिंग क्लब स्थापन झाला आणि शर्यतीची सूत्रं त्याच्याकडे गेली. आर्चर पुन्हा कपमध्ये धावला नाही. डी मेस्त्र मात्र परतला. १८६७, १८७७ आणि १८७८ असे आणखी तीन कप त्यानं नेले. पाच विजयांचा त्याचा विक्रम मोडायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.