एसयूव्ही का चुकते? आधी उंदराची शेपटी बघा!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट्स एकाच प्रश्नाच्या: "ताई, तोच उंदीर, तोच ट्यूमर, मग आठवड्याभरात एसयूव्ही एवढी कशी बदलते?" उरलेल्या निम्म्या, "माइक बदला." माइक बदललाय. आता एसयूव्हीचं बघू. गाडी नव्हे हो, पेट स्कॅनमधला तो आकडा, जो ट्यूमरने दिलेलं किरणोत्सारी द्रव्य किती ओढलं ते सांगतो.

बेसिक्स भरभर सांगते, कारण ते तुम्हाला येतं. एफडीजी म्हणजे किरणोत्सारी फ्लोरीन-१८ जोडलेलं, ग्लुकोजसारखंच द्रव्य. उंदीर काही तास उपाशी ठेवायचा, उबेत ठेवायचा, आयसोफ्लुरेनवर झोपवायचा, शेपटीच्या शिरेतून एफडीजी द्यायचं, साधारण तासभर थांबायचं आणि स्कॅन. ऊब विसरलात, तर खांद्यांमधली तपकिरी चरबी अशी चमकते की नवा विद्यार्थी तिलाच ट्यूमर म्हणतो. आणि डोळ्यांमागचे ते दोन ठळक ठिपके हार्डेरियन ग्रंथींचे असतात. मेटास्टॅसिस, म्हणजे पसरलेला ट्यूमर, नाही! त्याचा घाबरलेला फोटो मला कुणी ना कुणी पाठवतंच.

तर एसयूव्ही. ट्यूमरमधली तीव्रता भागिले, दिलेला डोस भागिले वजन. सगळे जण वरच्या आकड्यावर जीव टाकतात. आरओआय, म्हणजे मोजायचा भाग, कसा काढू, त्याचा थ्रेशोल्ड ४० टक्के की ५०, सॉफ्टवेअर अमाइड वापरू की पीमॉड... अरे, पण खालचा आकडा? "दिलेला डोस" खरंच दिला गेलाय का? दूध निम्मं उतू गेलं तरी हिशोब लिटरचाच लावायचा, असं चाललंय.

[स्क्रीनवर आकडेमोड]

उंदीर २२ ग्रॅमचा. सिरिंजमध्ये ५.५ मेगाबेक्वेरेल (किरणोत्साराचं एकक) एफडीजी भरलं. इंजेक्शननंतर सिरिंजमध्ये ०.५ उरलं. शेपटीत, शिरेबाहेर, १ अडकलं. म्हणजे अंगात गेलं फक्त ४. ट्यूमरमध्ये दर मिलिलिटरला ०.५ दिसतंय. खरी एसयूव्ही २.७५. शेपटी विसरलात तर २.२. सिरिंजही विसरलात तर २.० फक्त! आता हा उंदीर औषधाच्या गटातला असेल, तर झालं. "औषध लागू पडलं" म्हणून पोस्टर छापून मोकळे.

हे मी हवेत बोलत नाहीये. एक मुलगी डेटा घेऊन आली होती. तिसऱ्या आठवड्यात अपटेक, म्हणजे ट्यूमरने ओढलेलं एफडीजी, छान खाली. मी म्हटलं, शेपटी दाखव. शेपटी नव्हतीच! स्कॅनरच्या फील्डबाहेर, म्हणजे तो टिपतो त्या भागाबाहेर, राहिली होती. नोंदवहीत मात्र लिहिलेलं: "इंजेक्शनला अडचण, पुन्हा टोचलं." उत्तर तिच्याच अक्षरात होतं, फक्त स्प्रेडशीटमध्ये पोहोचलं नव्हतं.

इंजेक्शनच्या वेळी काय बघायचं? शेपटी कोमट पाण्याने गरम करा, दोन्ही बाजूंच्या शिरा फुगतात. सुई बरोबर बसली तर प्लंजर अलगद सरकतो. जोर लागला, किंवा सुईच्या टोकापाशी कातडी पांढरट फुगली, तर थांबा. "जरा जोर लावून बघते" नको. पुन्हा टोचायचं झालं तर शरीराच्या दिशेने थोडं वर. आणि ते नोंदवा. नोंदवा म्हणजे वहीत आणि फाइलमध्ये, दोन्हीकडे.

स्कॅनच्या वेळी शेपटी अंगाजवळ वळवून फील्डमध्ये घ्या, नाही मावली तर शेवटी तिचा छोटा वेगळा स्कॅन घ्या. तिच्यावर आरओआय काढा, आकडा डोसमधून वजा करा. फारच जास्त अडकलं असेल तर वजाबाकीवरही विसंबू नका, कारण ते हळूहळू रक्तात झिरपत राहतं आणि तुमचा "एक तास" मग एक तास राहतच नाही. किती म्हणजे जास्त, ते प्रयोगाआधी ठरवा. निकाल बघून नाही!

घड्याळांचंही तेच. डोस कॅलिब्रेटरचं (डोस मोजायच्या यंत्राचं) घड्याळ आणि स्कॅनरचं घड्याळ जुळवा. फ्लोरीन-१८ चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटं. १० मिनिटांचा फरक म्हणजे डोसमध्ये साधारण ६ टक्के चूक, फुकटची.

एका दादांनी लिहिलंय, "रेनबो कलर स्केलमध्ये ट्यूमर छान लाल दिसतो." दिसणारच हो, स्केल तुम्हीच ओढलीय! लाल रंग म्हणजे आकडा नाही. एका गटाची चित्रं एकाच स्केलवर लावा, एवढं करा.

शेवटचा प्रश्न: "जुन्या स्कॅनमध्ये शेपटीच नाही, काय करू?" ट्यूमर आणि स्नायू यांचं गुणोत्तर काढा. डोस दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे तो कटतो. पण भूल आणि हाताळणी यांनी स्नायूंचा अपटेकही हलतो, म्हणून सगळ्या उंदरांना एकाच पद्धतीने हाताळलं असेल तरच. आणि एसयूव्ही का दिली नाही, ते पेपरच्या मेथड्समध्ये सरळ लिहा. रिव्ह्यूअर विचारणारच आहे.