कागद कुठून आला?

(दृश्य : पाटणादेवीचा परिसर, पावसाळा. मंदिराकडे जाणारी वाट.)

चाळीसगाव तालुक्यात, गौताळ्याच्या डोंगराला लागून पाटणादेवी आहे. लोक इथे दर्शनाला येतात, श्रावणात धबधबे बघायला येतात. याच ठिकाणच्या एका शिलालेखात अभ्यासाची अख्खी व्यवस्था कोरून ठेवलेली आहे. साल १२०७. ‘सिद्धांतशिरोमणी’ हा गणित-ज्योतिषाचा ग्रंथ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे आणि घराण्यातले ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला.

लेख बराचसा संस्कृतात आहे. पण शेवटी तो मराठीवर येतो आणि रोकड्या व्यवहाराचं बोलतो. पाटणात, म्हणजे इथल्या गावात, जेवढे घाणे चालतात, त्या प्रत्येक घाण्यामागे मठाला पळी पळी तेल.

मला या लेखातली ही ओळ फार मोलाची वाटते. ग्रंथ लिहून झाला म्हणजे ज्ञान टिकलं असं होत नाही. तो शिकवणारा आणि शिकणारा पोसावा लागतो. तो भार गावातल्या तेल्यानेही उचलला होता.

(दृश्य : धुळे शहर. राजवाडे संशोधन मंडळाची इमारत. मोडी कागदांचे जवळून चित्रण.)

आता धुळ्याला येऊ. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच गावी वारले. दुसऱ्याच वर्षी धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं केलं.

राजवाडे गावोगाव हिंडत. जुन्या घराण्यांच्या वाड्यांत, माळ्यावर, अडगळीत, रुमालात बांधलेली दप्तरं पडलेली असत. वाळवी लागलेली, ओल धरलेली. ती मिळवायची, म्हणजे आधी घरच्या माणसांचा विश्वास मिळवायचा. मग मोडी वाचायचं. आणि खरी अडचण त्यानंतर सुरू व्हायची. कितीतरी पत्रांवर फक्त चंद्र, म्हणजे चांद्र महिन्यातली तारीख, आणि मुसलमानी महिना असतो, वर्ष नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल माहीतच होतं, ते कशाला लिहितील?

मग ते साल पत्राच्या पोटातून काढायचं. फौजेचा मुक्काम कुठे आहे? पत्रात ज्याचं नाव आलंय तो माणूस तेव्हा हयात होता का? कोणाशी तह झाला, कोणती नदी उतरली? अशी दहा पत्रं शेजारी शेजारी ठेवली की अकराव्याचं वर्ष दिसायला लागतं. एकटं पत्र कितीही वेळ न्याहाळलं तरी ते हाती लागत नाही.

‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. १७५० ते १७६१, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रं त्यात आहेत. राजवाड्यांनी असे २२ खंड काढले. त्यांची मतं ठाम, कधी टोकाची, प्रस्तावना लांबलचक. पण मत प्रस्तावनेत राहिलं आणि पत्र पत्राच्या जागी, मूळ शब्दांत छापलं गेलं. म्हणूनच त्यांनी लावलेल्या काही तारखा पुढच्या अभ्यासकांना दुरुस्त करता आल्या. त्यांचे कित्येक निष्कर्ष आज कोणी मानत नाही. ती पत्रं मात्र इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाला उघडावी लागतात. पुरावा आणि मत यांची सरमिसळ केली असती, तर मताबरोबर पुरावाही अडगळीत गेला असता.

(दृश्य : प्रकाशे. तापी-गोमाई संगम.)

नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशे गावी १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. तिथेही तोच नियम, पुरावा जसा मिळाला तसा नोंदवून ठेवायचा. खापराचा तुकडा कोणत्या थरातून, किती खोलीवरून निघाला, याची नोंद तो हातात येताक्षणी करायची. ती चिठ्ठी हरवली की कितीही सुंदर नक्षी असली, तरी त्या खापराचा काळ सांगता येत नाही.

(दृश्य : गावातली ओसरी. कानबाई देवीची गाणी म्हणणाऱ्या बाया. एका मुलीच्या हातात मोबाइल.)

आज खानदेशात घरोघरी मोबाइल आहे. कानबाईची गाणी, आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी, जात्यावरच्या ओव्या तरुण मुलंमुली रेकॉर्ड करतात. हे फार चांगलं आहे. पण त्यातली बरीचशी गाणी गावाच्या नावाशिवाय, तारखेशिवाय फिरत राहतात. पाच वर्षांनी ते गाणं साक्रीचं की अमळनेरचं, हे कोण सांगणार?

भाषाअभ्यासक जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणात, १९०७ साली छापलेल्या भागात, खानदेशी म्हणजे अहिराणी बोलीचे नमुने आहेत. बायबलातली उधळ्या मुलाची एकच गोष्ट त्यांनी ठिकठिकाणच्या बोलींत करून घेतली होती. तुलनेला ते सोयीचं होतं. पण आपल्या मायबहिणी सणाला काय गातात, ते अशा नमुन्यातून कळत नाही. ते आपणच गोळा करायला हवं.

त्यासाठी विद्यापीठातली पदवी लागत नाही. रेकॉर्डिंग सुरू करताना गाव, तारीख आणि प्रसंग तोंडाने बोलायचा. गाणाऱ्या बाईला विचारून, तिची हरकत नसेल तरच तिचं नाव, आणि गाणं कोणाकडून आलं तेही. लिहून काढताना अहिराणी ‘मनं’चं ‘माझं’ करायचं नाही. अर्थ, शंका, आपला अंदाज हे सगळं शेजारच्या रकान्यात. फाइलला ‘नवीन १’ असं नाव न देता गाव आणि साल घालायचं. एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवायची, दुसरी दुसऱ्या गावी.

आणि एक प्रत गाणाऱ्या बाईच्या घरी गेलीच पाहिजे. आपण कुठे चुकीचं ऐकलं, कुठली ओळ गाळली, ते ती वाचून घेताना लगेच सांगेल. तिची दुरुस्ती तिच्या नावाने, तारीख घालून, त्याच कागदावर लिहायची.