क्लच काढला, मग गाडीला कोण सांगणार?

मंडळी, माईक जरा लांबच ठेवतो. यंत्रमाग आणि लेथच्या आवाजावर ओरडून बोलण्यात आयुष्य गेलं, हळू बोलायची सवयच राहिली नाही.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझं वर्कशॉप आहे. मागाचे पार्ट करता करता गाड्यांकडे वळलो. एक दिवस एक निवृत्त मुख्याध्यापक पांढरी काँटेसा घेऊन आले. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणाले, "क्लच दाबवत नाही. पोरं म्हणतात, विका. मी विकणार नाही. ऑटोमॅटिक करून द्या."

इथल्या तरुणांसाठी सांगतो. हिंदुस्तान मोटर्सनी १९८४ साली ही गाडी आणली, इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरवरून. सुरुवातीला तिला अँबॅसिडरचंच १४८९ सीसी इंजिन होतं, म्हणजे देह पैलवानाचा आणि दम पोरसवदा. नंतर इसुझूचं १८१७ सीसी आलं. सरांची गाडी इसुझूवाली होती, म्हणून मी हो म्हणालो.

क्लच म्हणजे काय, हे सोलापूरकराला सांगायला नको. जुन्या मागावर पट्टा सुट्या पुलीवरून पक्क्या पुलीवर सरकवला की माग चालायचा, परत सरकवला की थांबायचा. क्लच तेच करतो, फक्त पट्ट्याऐवजी प्लेट. ऑटोमॅटिकमध्ये ही धरसोडच नाही. इंजिन एका पंख्यानं तेल भिरकावतं, समोरचा पंखा त्या तेलाच्या माऱ्यानं फिरतो. गाडी उभी असली तरी इंजिन बंद पडत नाही, कारण दोघांमध्ये लोखंड नाही, तेल आहे. याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. थेट पकड नंतर, वेग आल्यावर, लॉक-अपनं बसते.

गिअरबॉक्स घेतला ऐसिनचा ए-३४०, टोयोटाच्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांतला. चार गिअर. पहिल्याचं गुणोत्तर २.८०, चौथ्याचं ०.७०५. आणला, टेबलावर ठेवला, आणि सर म्हणाले, "म्हणजे अर्धं काम झालं." मी म्हटलं, सर, अजून दहा पैसेही झालं नाही.

इसुझूच्या ब्लॉकचे बोल्ट एकीकडे, टोयोटाच्या बेल हाउसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडाचे, दुसरीकडे. मध्ये अडॅप्टर प्लेट लागते. प्लेट कापणं हे काम नव्हेच, कुणीही कापेल. क्रँकचा, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याचा, मध्य आणि गिअरबॉक्सचा मध्य एका रेषेत आणणं हे काम. क्रँकच्या फ्लँजवर डायल गेज बांधायचं, त्याचं टोक हाउसिंगच्या भोकाच्या कडेला टेकवायचं आणि क्रँक हातानं, अगदी सावकाश फिरवायचा. काटा इकडेतिकडे हलतो तो एकूण दहा थाऊच्या, म्हणजे इंचाच्या दहा हजारांशांच्या, आत हवा. आमचा पहिल्यांदा बावीस आला. डोळ्याला काही दिसत नाही हो, प्लेट आरशासारखी बसलेली! पण त्या बावीस थाऊनं पुढच्या सिलचा आणि पंपाच्या बुशचा जीव गेला असता. डॉवेल पिना काढून तीन दिवस नुसती मध्यरेषाच शोधत होतो. कन्व्हर्टरचं नाक क्रँकमध्ये बसावं म्हणून एक कॉलर लेथवर वेगळी केली.

आता माझी फजिती. कन्व्हर्टर गिअरबॉक्सवर बसतो तेव्हा तीन ठिकाणी गुंततो आणि हाताला तीनदा 'टक' लागतं. मी दोन टकांवर समाधान मानलं. हाउसिंग ब्लॉकला पूर्ण टेकेना, म्हणून बोल्टनं ओढून घेतलं. इंजिन चालू केलं, काही क्षण बरं वाटलं, मग किरकिर. उतरवलं तर तेलात चमकी. पंपाचं गिअर फुटलेलं. खर्च अर्थातच माझ्या खिशातून. आता पोरांना एकच माप पाठ करून दिलंय: हाउसिंग हातानं टेकलं पाहिजे, आणि त्यानंतर कन्व्हर्टर व फ्लेक्स प्लेट, म्हणजे क्रँकला लावलेली पातळ चकती, यांच्यात सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फट राहिली पाहिजे. मगच कन्व्हर्टर पुढे ओढून बोल्ट लावायचे. फट नसेल तर पाना खाली ठेवा.

हे सगळं लोखंड झालं. खरी गंमत पुढं आहे. क्लच काढला, मग गाडीला कोण सांगणार की आता दुसरा टाक? कार्बोरेटरच्या गाडीला कॉम्प्युटर नसतो. म्हणून कार्बोरेटरच्या दांडीच्या टोकाला एक सेन्सर बसवला. पाय किती दाबलाय ते तो सांगतो. दुसरा सेन्सर वेग सांगतो. वेगळा कंट्रोलर दोन्ही ऐकून गिअरबॉक्समधले दोन सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे व्हॉल्व्ह, चालू-बंद करतो. दोनाच्या चार जोड्या, चार गिअर. दोन्ही बंद म्हणजे चौथा. हे मला कागदावर माहीत होतं. पहिल्या ट्रायलला सात रस्त्याच्या सिग्नलवर गाडी म्हशीसारखी उठेना, मागून हॉर्नवर हॉर्न. गिअरबॉक्स पुन्हा उतरवायचा या विचारानं पोटात गोळा आला. निघालं काय, तर कंट्रोलरची अर्थिंग ढिली. दोन्ही सोलेनॉइड मेलेले, गाडी थेट चौथ्यात उठायला बघत होती.

मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून बॅलन्स करून घेतला, त्यात विशेष काही नाही. तेलाचं मात्र सोलापुरात विसरू नका. कन्व्हर्टर तेल घुसळतो, घुसळलं की तापतं. ऐंशी-नव्वद अंशाला ते सुखात असतं, एकशेवीसच्या पुढं जळायला लागतं. आपल्याकडे मे महिन्यात हवाच बेचाळीस. मूळ रेडिएटरमध्ये या तेलाची सोय नाही, म्हणून पुढे वेगळा कूलर लावला. तुळजापूरचा घाट भर दुपारी दोनदा चढवला तेव्हा गाडी सरांच्या हातात दिली. सर पूर्ण घाटभर डावा पाय क्लच शोधत हलवत होते.

कायद्याचं एक. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा आणि आरटीओला आधी लेखी विचारा, काम झाल्यावर नव्हे. आणि गाडी पन्नास वर्षांची झाली असेल तर तिला हातच लावू नका. २०२१ च्या नियमांत व्हिंटेज नोंदणी मूळ रूपातल्या गाडीलाच आहे, चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. आम्ही काँटेसाचा पत्रा कुठंही कापला नाही. जुना गिअरबॉक्स ग्रीस लावून, गोणपाटात बांधून सरांच्या माळ्यावर ठेवलाय. त्यांच्या नातवाला वाटलं तर परत बसवेल.

मागच्या रांगेतून कुणी विचारतंय, पद्मिनीत बसेल का? नाही, मी बसवणार नाही. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसेक अश्वशक्ती. मोठ्या इंजिनासाठी केलेला कन्व्हर्टर त्याला उठूच देत नाही, आरपीएम चढायच्या आधीच दाबून धरतो. उरलेली ताकद तेल तापवण्यात जाते. तुमचा क्लच जड झाला असेल तर गाडी सोमवारी घेऊन या. आधी तो उघडून बघू.