पावसाआधी नाल्याचा तळ पाहा

नमस्कार, श्रोतेहो.

मे महिना सरत आला की मुंबईत एक आकडा रोज कानावर पडतो. नाल्यांतून आजवर इतके टन गाळ काढला, इतके टक्के नालेसफाई झाली. आकडा ऐकून बरं वाटतं. पण निघालेल्या गाळाच्या वजनावरून नाला पाणी नेईल की नाही, हे कळत नाही. त्यासाठी नाल्याचा तळ ठरलेल्या पातळीपर्यंत मोकळा झाला का, ते पाहावं लागतं. आजचं सगळं बोलणं या तळाभोवती आहे.

आधी पाण्याचा हिशोब करू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. दहा हेक्टरची वस्ती घ्या, म्हणजे पंचवीसेक एकर. इमारती, काँक्रीटचे रस्ते, फरसबंद आवारं. पाणी मुरायला जागा नाही. तिथे तासाला ५० मिलिमीटर या वेगाने पाऊस पडू लागला, तर नाल्याकडे सेकंदाला जवळजवळ १,४०० लिटर पाणी निघतं. दहा हजार लिटरचा टँकर दर सात सेकंदांनी रिकामा करावा, तितकं. म्हणूनच दिवसभराच्या पावसाचा आकडा ऐकून नाल्याबद्दल अंदाज बांधू नये. १०० मिलिमीटर पाऊस वीस तासांत पडला तर रस्ता नुसता ओला होतो. तोच दीड तासात पडला की गुडघाभर पाणी साचतं.

मुंबईची जुनी पर्जन्य जलवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती. तीही समुद्राला ओहोटी असेल आणि निम्मं पाणी जमिनीत मुरेल, हे धरून. ब्रिमस्टोवॅड या नावाने ओळखला जाणारा अहवाल १९९३ साली आला. त्याने ही क्षमता तासाला ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याची आणि पाणी मुळीच मुरत नाही असं धरून चालण्याची शिफारस केली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्यातलं बरंचसं काम व्हायचं होतं. तसला पाऊस कुठल्याही नाल्याच्या आवाक्याबाहेरचा, हे खरं. पण दर पावसाळ्यात दोन-चारदा येणारी जोराची सर ही नाल्याच्या आवाक्यातली असते. ती बाहेर रस्त्यावर आली, तर कारण बहुतेक वेळा तळाशी सापडतं.

गाळ नेमकं काय करतो, ते बघा. १.२ मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल असा चौकोनी नाला आहे. तळाला ४० सेंटिमीटर गाळ बसलाय, म्हणजे खोलीचा एक तृतीयांश भाग. वाटतं की क्षमताही एक तृतीयांशानेच घटली असेल. प्रत्यक्षात ती ४० टक्क्यांनी घटते. कारण पाणी उथळ झालं की पाण्याच्या मानाने त्याला घासणारी बाजू वाढते आणि वेगही पडतो. गाळाचा पृष्ठभाग खडबडीत असतो, त्यात चिंध्या आणि पिशव्या रुतलेल्या असतात, त्यामुळे नुकसान याहून जास्तच धरावं. वेग पडला की वरून येणारी रेतीही तिथेच बसते. म्हणजे गाळ गाळाला बोलावतो.

आता तळ मोजायचा कसा. रीतसर पद्धत लेव्हलिंगची. ऑटो लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, लावून दर तीस मीटरवर नाल्याच्या मधोमध आणि दोन्ही कडांना तळाची पातळी घ्यायची आणि ती मूळ नकाशातल्या पातळीशी ताडून पाहायची. सफाईपूर्वी एकदा, सफाईनंतर एकदा. ते शक्य नसेल तिथे दोन काठ्या पुरतात. एका काठीच्या टोकाला ताटलीएवढी सपाट पट्टी बसवलेली; ती गाळाच्या वर टेकते. दुसरी टोकदार लोखंडी सळई. ती गाळात खुपसत न्यायची, टणक तळाचा ठक्क आवाज हाताला जाणवेपर्यंत. दोन्ही काठ्यांवर पाण्याची ओली रेघ कुठे आली ते पाहा. दोन मापांतला फरक म्हणजे गाळाची जाडी. दोन माणसं एका सकाळी अर्धा किलोमीटर नाला असा तपासू शकतात, आणि तो कागद वजनकाट्याच्या पावतीपेक्षा कितीतरी जास्त सांगतो. पावतीत पाणीही मोजलं जातं. ओला गाळ काठावर एक-दोन दिवस निथळू दिला नाही, तर वजनात मोठा वाटा पाण्याचाच असतो.

मोजताना एक जागा हमखास चुकते, ती म्हणजे मोरी, रस्त्याखालून किंवा रेल्वेखालून नाला जातो तो बंदिस्त भाग. पोकलेन उघड्या नाल्यात सहज फिरतं, पण रस्त्याखाली आणि रेल्वेखाली त्याचा हात पोचत नाही. दोन्ही बाजूंचा नाला स्वच्छ दिसतो आणि मोरीच्या पोटात कमरेएवढा गाळ तसाच राहतो. पुलावरून पाहणी केली तर तो दिसत नाही, कारण पाहणारा त्याच गाळावर उभा असतो. रेल्वेखालच्या मोरीची सफाई रेल्वे आणि महापालिका या दोघांनी तारीख ठरवून केली, तरच ती होते. एकाने आपली बाजू साफ केली आणि दुसऱ्याची राहिली, तर काम झालंच नाही असं समजावं. मोरीतून आडव्या गेलेल्या जलवाहिन्या आणि केबल हा तसाच एक प्रश्न. एका आडव्या पाइपला प्लास्टिक अडकतं, त्याला फांदी, फांदीला गादीचा कापूस, आणि पहिल्याच मोठ्या सरीत तिथे बांध तयार होतो.

सफाई खालून वर करत जायची, म्हणजे पातमुखापासून. पातमुख म्हणजे नाला जिथे समुद्राला, खाडीला किंवा नदीला मिळतो ते तोंड. खालचं तोंड बंद ठेवून वरचा गाळ सैल केला, तर तो वाहत जाऊन खालीच साचतो.

मुंबईत १८६ पातमुखं मोजलेली आहेत. त्यांपैकी ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत, १३५ भरतीच्या पातळीखाली, आणि भरतीच्या वर आहेत फक्त ६. म्हणजे भरती चढली की बहुतेक तोंडं आपोआप मिटतात, आणि झडपी दरवाजा नसेल तर समुद्रच आत येतो. म्हणून साडेचार मीटर किंवा त्याहून मोठ्या भरतीच्या तारखा आणि वेळा पावसाळ्यापूर्वी जाहीर करतात. झडपेची तपासणी साधी आहे, फक्त ती भरतीच्या वेळी करायला हवी. बिजागऱ्यांना ग्रीस आहे का, रबरी पट्टी फाटली आहे का, हे ओहोटीला बघून घ्या. मग भरती चढत असताना आतल्या बाजूने पाहा, पाणी उलटं येतंय का. झडपेखाली अडकलेली एक फळी किंवा नारळ पुरतो. झडप चार बोटं उघडी राहते आणि सहा तास समुद्र आत येत राहतो.

हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लिव्हलँड, ब्रिटानिया आणि गझधरबंध या उदंचन केंद्रांवर सेकंदाला सहा हजार लिटर उपसणारे पंप आहेत. भरतीच्या वेळी भिस्त त्यांच्यावर असते. पण पंपासमोरची जाळी कचऱ्याने भरली की पंपाला पाणीच मिळत नाही. पाऊस चालू असताना त्या जाळीवरचा कचरा ओढणारं यंत्र आणि माणूस, हे दोन्ही पंपाइतकेच महत्त्वाचे. सखल भागात भाड्याने लावलेल्या छोट्या पंपांबाबत एवढंच पाहावं की त्यांचा नळ कुठे सोडलाय. तो त्याच तुंबलेल्या वाहिनीत सोडला असेल, तर पाणी गोल फिरत राहतं आणि डिझेल जळतं.

बंदिस्त वाहिन्यांकडे वळू. मुंबईत रस्त्याकडेच्या जुन्या झाकलेल्या वाहिन्यांना ढापा म्हणतात. ढापा आणि पाइप जेटिंग यंत्राने साफ करतात. जाड नळीच्या टोकाला नोझल असतं, त्यातून पाण्याचे झोत मागच्या बाजूला सुटतात. झोताच्या धक्क्याने नोझल पुढे सरकतं आणि गाळ मागे ढकलला जातो. म्हणून नोझल खालच्या मनुष्यप्रवेशिकेतून, म्हणजे मॅनहोलमधून, आत सोडायचं, वरच्या दिशेला जाऊ द्यायचं, आणि गाळ खालच्या प्रवेशिकेत आला की सक्शनने उचलायचा. तो उचलला नाही तर पुढच्या वाहिनीत गेलाच म्हणून समजा. जुनी वीटकामाची वाहिनी असेल तर झोताचा दाब कमी ठेवायचा, नाहीतर विटांमधला चुना सुटतो आणि गाळाबरोबर नाल्याची भिंतही बाहेर येते. सफाई झाल्यावर कॅमेरा फिरवायचा तो यासाठी. नुसत्या गाळासाठी नाही. तडे, खचलेले सांधे, आत घुसलेली झाडाची मुळं, आणि सांडपाण्याच्या चोरजोडण्या त्यातच दिसतात.

आता जी गोष्ट हात जोडून सांगायची आहे ती. पावसाच्या पाण्याची वाहिनी म्हणून ती निर्धोक नसते. तिच्यात सांडपाणी मिसळलेलं असतं, आणि सडक्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण वायूचं प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. वास थांबला म्हणजे वायू गेला, असं समजून आत उतरलेली माणसं जीव गमावतात, आणि त्यांना काढायला उतरलेलीही. २०१३च्या कायद्याने गटारं आणि सेप्टिक टाक्यांची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेणं हा गुन्हा आहे. पर्जन्यवाहिनीतही काम यंत्रानेच करावं. उतरणं टळतच नसेल तर लागोपाठची दोन-तीन झाकणं आधी उघडून हवा खेळू द्यावी, मीटरने ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर आणि हायड्रोजन सल्फाइड दहा लाखांत दहा भागांच्या खाली असल्याची खात्री करावी, अंगाला पट्टा आणि दोर असावा, आणि वर दोर धरून माणूस उभा असावा. गाळ ढवळला की वायू पुन्हा सुटतो, म्हणून मीटर काम चालू असतानाही सुरूच ठेवायचा. सोसायटीच्या आवारातल्या चेंबरलाही हेच लागू आहे. वॉचमनला किंवा नाक्यावरच्या मजुराला कृपा करून आत उतरवू नका.

रस्त्यावरच्या पाण्याची आत शिरण्याची जागा म्हणजे जाळी आणि तिच्याखालचा खड्डा. पुष्कळदा नाला रिकामा असतो आणि रस्ता भरलेला, कारण पाण्याला दार सापडत नाही. जाळी रस्त्याच्या पृष्ठभागापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली हवी. डांबराचा नवा थर पडला की ती एक तर गाडली जाते किंवा उंच राहते. खड्ड्याचा तळ बाहेर जाणाऱ्या पाइपपेक्षा तीसेक सेंटिमीटर खाली असतो, रेती तिथे थांबावी म्हणून. तो भरला की पुढची सगळी रेती पाइपमध्ये जाते. हा खड्डा पावसाळ्यात दर पंधरा-वीस दिवसांनी हाताने, फावड्याने उपसण्यासारखा आहे. काढलेला गाळ शेजारीच ढीग घालून ठेवला, तर पुढच्या सरीत तो जाळीतून परत आत जातो. त्याच दिवशी उचलायला हवा. बांधकामाच्या जागेवरून सिमेंटचं पाणी जाळीत सोडलं जात असेल तर ताबडतोब तक्रार करा. रेती धुऊन निघते, सिमेंट आत दगड होऊन बसतं, आणि मग पाइपच बदलावा लागतो.

पाणी साचलं म्हणून मनुष्यप्रवेशिकेचं झाकण मात्र कधीही उघडू नका. २९ ऑगस्ट २०१७च्या पावसात प्रभादेवी परिसरात उघड्या प्रवेशिकेत पडून एका डॉक्टरांचा जीव गेला. झाकणाखाली संरक्षक जाळी बसवायचं काम त्यानंतर जोरात सुरू झालं. आपल्या रस्त्यावर झाकण हललेलं, तुटलेलं किंवा खाली जाळी नसलेलं दिसलं तर महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर फोन करून कळवा, आणि कुणी येईपर्यंत तिथे बांबू किंवा झाडाची फांदी उभी करा.

शेवटी, तपासणीची सर्वांत चांगली वेळ म्हणजे पाऊस पडत असतानाची. सुरक्षित जागेवरून, उघड्या नाल्याच्या किंवा मोरीच्या काठाने पाहा. मोरीच्या वरच्या बाजूला पाणी काठोकाठ आणि खालच्या बाजूला हातभर खाली, तर अडथळा मोरीतच आहे. दोन्हीकडे काठोकाठ असेल तर आणखी खाली जाऊन पाहायला हवं. पाऊस थांबूनही पाणी हलत नाही आणि ओहोटी लागली की झपाट्याने उतरतं, तर दोष पातमुखाचा किंवा झडपेचा आहे. तिथे गाळ काढत बसून फरक पडणार नाही. नाला अर्धा रिकामा आणि रस्ता भरलेला, तर जाळ्या बघा.

यासाठी तीन नोंदी पुरतात: पाणी कधी साचलं, किती चढलं, कधी उतरलं. शेजारी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहा. भिंतीवर पाण्याची मातकट रेघ उमटते. ती वाळून पुसली जाण्याआधी तिच्यावर खडूने खूण करा, जमिनीपासून उंची मोजा, तारखेसह फोटो काढा. ऑक्टोबरमध्ये विभाग कार्यालयात पुढच्या वर्षाच्या कामांची यादी होते, तेव्हा हा कागद घेऊन जा.